कोपऱ्याच्या तोंडाची पाळ

माझं नाव सोपान. जन्म जुन्या गावातला, म्हणजे जे आता येलदरीच्या धरणाखाली हाय त्या गावातला, पण मला ते आठवत न्हाई, मी तवा आईच्या कडेवर व्हतो. पाणी चढलं तसे लोक पांगले, आमचे आबा मात्र पाण्याच्या कडंलाच बसले, म्हणले जिमीन गेली तर गेली, आता ह्या पाण्यावरच पोट भरायचं. काय सांगू तुमाला, नांगर धरणारा माणूस, चाळिशीत पव्हायला शिकला, जाळं टाकायला शिकला.

धरणाच्या पाण्याचा एक फाटा दोन टेकड्यांच्या मदी घुसलाय, त्याला आमी कोपरा म्हणतो. तोंड अरुंद, आत परातीसारखा पसरट. पार आतल्या कडंला आमचं घर. पावसाळ्यात पूर्णा गढूळ पाणी आणती, ते कोपऱ्यात शिरतं, उभं ऱ्हातं, गाळ खाली बसतो. मंग वारं सुटतं, लाटा आत येत्यात, तळ ढवळत्यात, आन् तिकडं धरणातलं पाणी सोडलं की पातळी उतरती, तो ढवळलेला गाळ उतरत्या पाण्याबरोबर तोंडातनं भायेर जातो. आबा म्हणायचे, लाट ही आपली झाडणारी बाई हाय, तिला दारातनं हाकलू नका. त्यांच्याकडं एक बांबू व्हता. दर दिवाळीला घरासमोर होडीतनं तो गाळात खुपसायचे, गाळ जिथवर लागंल तिथं विळ्यानं खाच करायचे. सगळ्या खाचा एकीला एक खेटून, बोटभर फरकाच्या. गाळ यायचा, गाळ जायचा. मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

पण झाडणारी बाई कडासुदिक खाती हो. आबा गेले त्याच्या फुडच्या साली अंगणातला लिंब मुळासकट पाण्यात पडला. माझी बायको कौसा म्हणली, माझी चूल पवत जायच्या आदी काय तर करा. लय इचार केला आन् ठरवलं, कोपऱ्याच्या तोंडावर दगडाची पाळ घालायची, होडीपुरती फट ठिवायची, म्हणजे लाट तिथंच फुटंल.

दगड कुठले? तर उन्हाळ्यात पाणी लय आटलं की जुन्या गावाचे पाये वर येत्यात. तवा पांगलेले लोक येत्यात, आपापल्या घराचा उंबरा हुडकत्यात, त्याला हळदकुंकू लावत्यात, नारळ फोडत्यात, पुन्हा माघारी. आमीबी करायचो. त्या साली मी नारळ फोडला आन् पहार काढली. आमच्याच घराच्या पायाचे दगड होडीत घातले, शेवटी उंबराबी उचलला, चांगला लांब दगड व्हता. माझा थोरला भाऊ अण्णा, तो आडवा आला. म्हणला, सोप्या, आई ह्याच्यावरनं माप वलांडून आली, एवढा तर ठिव. मी म्हणलो, अण्णा, पाण्याखालच्या उंबऱ्यातनं आता कोण आत यायलाय, मासे का? तो हासला न्हाई. आबांच्या बांबूला इचारलास का, येवढंच म्हणला, आन् वर्षाच्या आत पलीकडच्या कडंला, डांबरी रस्त्याजवळ ऱ्हायला गेला.

पयलं साल काय सांगू, पाणी समईतल्या तेलासारखं निवांत. कौसानं पुरण घातलं. मी अण्णाला सांगावा धाडला, ये म्हणलं, घर हाललं का बघ. दिवाळीला बांबू खुपसला तर गाळ सगळ्यात वरच्या खाचेच्याबी हातभर वर. मला वाटलं चुकीच्या जागी खुपसला. फुडच्या साली अजून हातभर. गढूळ पाणी आत यायचं, पण ढवळायला कुणी नव्हतं, तर गाळ बसला तो बसला, दह्यासारखा. वरनं भायेरची लाट पाळीवर रेती टाकायला लागली, होडीची फट भरली. आता भर पावसाळ्यातबी घराम्होरं पाणी पिंढरीभर, खाली मांडी बुडंल इतका चिखल. होडी दारात हाय, हालत न्हाई.

माझं मी घरामागच्या माळावरनं चढून जातो. कौसाचे गुडघे गेले, तिला माळ चढवत न्हाई. होडीनं पाव घंट्यात रस्ता, एष्टी, समदं जग. होडी बसली तशी ती बसली. अण्णाची पोरं म्हणली, काकीला बाजेवर घालून नेतो. ती म्हणती, बाजेवरनं माणूस एकदाच जातं, तवाच जाईन.

गेल्या साली गंगाखेडला आमच्या लेकीच्या पोरीचं लग्न व्हतं. कौसा सकाळी नवं लुगडं नेसून तयार. मी म्हणलो, चल पाठीवर बस, चिखल वलांडला की फुडं पाळीच्या भायेर अण्णाची होडी उभी हाय. धा पावलं गेलो, मांडीपर्यंत रुतलो, मागं व्हईना न् फुडं व्हईना. दारातल्या आमच्या होडीचा दोर धरून कसेतरी माघारी आलो. तीच आदी हासली, म्हणली, बघा, नवरीच्या आजीला काळी हळद लागली. मंग लुगडं धुतलं, वाळत घातलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणली, पाळ काढा. मी म्हणलो, काढली तर लाट घर घेईल. ती म्हणली, मी ह्या घरात नांदायला आले, पुरून घ्यायला न्हाई.

उन्हाळाभर पाळ काढली. घालताना होडीनं दगड आणले, काढताना एकेक गाळातनं उपसायचा, पहार वाकली. तळात उंबरा घावला, अण्णाच्या पोरांनी माळावरनं उचलून घरी आणला. कौसानं तो धुतला, म्हणली, अंगणाच्या कडंला ठिवा, पाण्याकडच्या. ठिवला.

यंदा पाणी चढलं तशी लाट आत आली. किती वर्सांनी त्यो आवाज ऐकला. पाणी च्यासारखं गढूळ झालं, आन् उतरायला लागलं तसा गाळ निघायला लागला. तोंडाकडनं होडीपुरती एक चर पडलीय, ती घराकडं सरकायलीय, अर्ध्यापर्यंत आली. बांबूवर चार बोटं उतार हाय. पण कडाबी पडायलाय. दारापासनं पाण्यापर्यंत अठरा पावलं व्हती, आता अकरा. उंबरा तर कडंवर अर्धा लोंबायलाय.

अण्णा माळावरनं काठी टेकत आला. उंबऱ्यावर हात फिरवला, भाकरी खाल्ली. जाताना म्हणला, माझ्याकडं एक खोली रिकामी हाय. येवढंच.

खोली हाय, होडी हाय, मदी चिखल. चर आदी दारात येती का कडा आदी दारात येतो, ते बघत बसलोय दोघं. कौसानं गाठोडं बांधून ठिवलंय, रोज सोडती, त्यातलं एक लुगडं वापरती, पुन्हा बांधती. बघा, आतासुदिक बांधायलीय.

उन्हं कलली, निघा आता तुमी. माळावरनं जा, पायवाट चांगली हाय. तुमचे गुडघे असेच धड ऱ्हाऊ द्या बाबा.