श्रीपतीच्या जीपचे मागचे टायर

जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि सुशीलावहिनी,

मला भाषण येत नाही. आपल्या आरोग्य केंद्रात मी इतकी वर्षं क्लार्क आहे. दुसऱ्यानं सांगायचं आणि मी टाईप करायचं, एवढंच केलं. श्रीपतीभाऊ त्याच केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर. आज त्याच्या फोटोसमोर माझेच शब्द मला सापडेनात. पण मी रडायला आलेली नाही.

तो कसा होता हे तुम्हाला मी काय सांगू? या विहारात बसलेल्यांपैकी कितीजणांना त्यानं अपरात्री दवाखान्यात पोचवलंय, ते तुम्हीच आठवा.

दर जानेवारीत तो माझ्या टेबलापाशी यायचा. "बाई, मागचं दोनी टायर पार गुळगुळीत झाल्यात. लिवा की." मी मागणी लिहायची. केंद्राचे मोठे डॉक्टर, आपले साहेब, त्यावर शेरा मारायचे, पुढील वर्षी पाहू. दर वर्षी तोच शेरा.

यंदा दुरुस्तीचे पैसे शिल्लक होते. मी स्वतः पाहिले. साहेबांनी ते मार्चअखेर परत पाठवले. का? खर्च कमी दाखवला की जिल्ह्याच्या बैठकीत काटकसरी म्हणून कौतुक होतं. झालंही. टाळ्या वाजल्या. नवं अनुदान जूनशिवाय हातात पडत नाही, हे साहेबांना ठाऊक नव्हतं? जोतिबाची चैत्र यात्रा तोंडावर आलीय, हे ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं.

यात्रेच्या ड्युटीआधी गाडीची तपासणी लिहावी लागते. नादुरुस्त लिहिली तर गाडी डोंगरावर जात नाही, आणि मग वरून विचारणा होते. साहेब म्हणाले, टायर चांगल्या स्थितीत, असं टाका. मी टाकलं. वहिनी, ऐकताय न्हवं? मी टाकलं, ह्याच हातांनी. श्रीपतीभाऊ पेन धरून थांबला. "बाई, खोटं हाय की हे." मी म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न हाय, कर सही." त्यानं केली. माझ्या शब्दावर केली.

घाट उतरताना टायर फुटला. मागं अडलेली बाळंतीण होती. त्यानं जीप दरीकडं जाऊ दिली नाही, आपल्या बाजूनं डोंगराला घातली. ती बाई आणि तिचं बाळ आज जिवंत आहेत. आणि चौकशीत साहेबांनी काय लिहून दिलंय? चालकाचा निष्काळजीपणा. तपासणीवर त्याचीच सही आहे ना. म्हणजे वहिनींना भरपाई नाही, थोरल्या पोरीला नोकरी नाही.

साहेब, तुम्ही मोठा हार घेऊन आलाय. ह्याला बरे पैसे निघाले.

मी तुम्हाला सोडणार न्हाय. टायरच्या सगळ्या मागण्यांच्या कार्बन कॉप्या, प्रत्येकीवर तुमचा शेरा, आज सकाळी मी पोलिसांत दिल्यात. सोबत माझा जबाब. खोटं मी लिहिलं, लिहायला कुणी लावलं, सगळं. माझी नोकरी जाईल. जाऊ दे. जाताना तुम्हाला घेऊन जाईन. बदली करून घ्याल, तिथं माझा अर्ज पोचेल. रिटायर व्हाल, तुमच्या पेन्शनच्या टेबलावर पोचेल. श्रीपतीभाऊचं नाव कागदावर स्वच्छ होईपर्यंत तुम्हाला सुखाचा घास गिळू द्यायचा नाही, एवढंच काम आता मला उरलंय.

वहिनी, मी तुमची माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. कोर्टात उभी राहीन, मग काय ते तुम्ही ठरवा.

आता त्याच्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया. साहेब, तुम्ही उठलाच आहात तर तो हार उचला आणि बाहेर जा. तुम्ही गेल्यावर आम्ही सुरू करतो.

श्रीपतीभाऊ, जय भीम.