भिंतीतलं गुंतवळ

अडतीस सालची गोष्ट. मलकापूर स्टेशनावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला झुंबर नावाची तरुण बाई आपल्या शेजारणीशी, म्हाताऱ्या चांदबीशी, हळू आवाजात बोलत होती.

"नागपूरच्या कालिजवाल्याहीनं तुलेच काऊन बोलावलं?"

"त्याहीनं गावातल्या समद्याहीचे केस नेले होते ना, मावशी. दगड तपासनारा, पानी तपासनारा अन् डाक्टर, तिघं मिळून हिरीच्या पान्याचा तपास करून राह्यले. पान्यातलं जहर केसात उतरते म्हने."

"हाव, मीनं बी देल्ले."

"मीनं माहे नाही देल्ले. परक्याच्या हाती आपले केस कोन देते? करनी झाली म्हंजे? मालकाची पहिली बायको वारली, तिच्या केसाचं गुंतवळ भिंतीच्या फटीत होतं. तेच माह्या नावानं देल्लं."

"मंग?"

"कागद आला, मास्तरनं वाचला. हिरीत काही नाही, गावात कोनाच्याच केसात नाही. फकस्त माह्या नावाच्या केसात सोमल हाय म्हने. रोज थोडा थोडा पोटात गेलेला. लगोलग या म्हने."

"या अल्ला! सोमल म्हंजे जहर. पहिली तं पोटदुखीनं गेली ना?"

"हाव. दोन साल चूर्ण घेत होती."

"कोनाचं चूर्ण?"

"घरचंच. मालक सोताच्या हातानं देत."

"मालकाले हे सांगतलं?"

"दवाखान्यात बोलावलं, येवढंच सांगतलं. तिकीट काढाले गेले."

"अन् पोरी, तू पोट धरून काऊन बसली?"

"पोळ्यापासून दुखते, मावशी."

तेवढ्यात मागून, तिकीटखिडकीच्या बाजूनं, एका पुरुषाचा मायाळू आवाज आला.

"झुंबर, हे पानी घे. सकाळची चूर्णाची पुडी राह्यली तुही."