रिकामी झालेली सीट

नाही, मला एक सांगा, 'सीट रिकामी झालीय' हे ऐकून माणसाला झोप लागावी की उडावी? माझी उडाली! मुक्तासाठी बालवाडीचे उंबरे झिजवले, सगळीकडे 'सीट नाही', आणि अचानक बाईंचा फोन : "आपल्याला सीट मिळते आहे. सोमवारी आणा. वेळेवर." खट्! अहो, पण भर सत्रात सीट रिकामी होते कशी? तिथे आधी कोण बसत होतं?

नवऱ्याला, विक्रमला विचारलं. "अगं, ऑफिसात माझ्या सीटवर तरी आधी कोण होतं? सकाळी त्याचा कॉम्प्युटर चालेना, कळलं की नोकरी गेली, दुपारी मी बसलो. ड्रॉवरमध्ये कंगवा आहे त्याचा. केसांसकट." म्हणजे आमच्या घराला ही सवयच म्हणायची! सासूबाई म्हणाल्या, "सीट मेडिकलची असते गं, बालवाडीत सतरंजी असते." सासऱ्यांनी पेपरातून मान वर काढली : "सीट महिला राखीव झाली की काय वारज्याच्या वॉर्डाची?" तेवढ्यात बाथरूममधून प्लंबर, "वैनी, सीट पार गेलीया, बदलाया लागंल!" मी शाळेत फोन लावला, तर शिपाई, "बाई सीटवर नाहीत." मग कुठे आहेत? "ते माहीत असतं तर 'सीटवर नाहीत' कशाला म्हटलं असतं?"

मी एमएस्सी आहे हो, असलं काही मानत नाही... पण मुक्ताची दृष्ट काढली. आणि खुर्चीची कोण काढणार? तिथे आधी कोण बसत होतं?

सोमवारी निघालो. मुक्ताच्या छातीवर रुमाल, पिन लावून. पीएमटीला ही झुंबड! मी खिडकीतून माझा रुमाल सीटवर फेकला. मुक्ता म्हणते, "आई, रुमाल का टाकलास?" म्हटलं, "रुमाल टाकला की ती जागा कुणी घेत नाही. माणूस मागून येतो."

आणि वर्गात ती लाल खुर्ची... इवलीशी! पाठीवर नावाची चिठ्ठी, नखानं खरवडलेली. 'अभि' एवढंच उरलेलं. पुढचा 'नव' होता की 'जित', कुणी खरवडून नेला? मी विचारलं, "बाई, हा...?" बाई म्हणाल्या, "पालकांनी वर्गात थांबू नये."

अमेरिकेला गेला असेल, हो ना? हल्ली सगळे जातात. बदली झाली असेल. असंच काहीतरी असेल ना? दिवसभर कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले, भाताची पेज झाली, पण डोक्यात एकच : तिथे आधी कोण बसत होतं?

सुटल्यावर बघते तर मुक्ताच्या छातीवर नुसती पिन!

"रुमाल कुठे गं?"

"खुर्चीवर टाकला."

"आणि तू?"

"खाली बसले. सतरंजीवर."

जिच्यासाठी एवढं रामायण, ती सीट रिकामी ठेवून माझी लेक सतरंजीवर! "अगं, ती तुझी खुर्ची आहे!"

"नाही, अभिची आहे. सगळे म्हणतात."

आता काय सांगू हो मी तिला? म्हटलं, "बाळा, तो... आता नाही यायचा बहुतेक."

तर माझ्याकडे बघून, मलाच काही कळत नाही अशा आवाजात म्हणते, "आई, रुमाल टाकलाय ना मी? माणूस मागून येतो!"