शमिकाच्या कपड्यांना तुरपाई

— हात खाली सोडा, मंजूषाताई. पोट आत घेऊ नका हो, ब्लाउजपाशी खोटं बोलून चालत नाही. हं, तर आमच्या शमिकाचा फॅशन शो. छान झाला. म्हणजे लोक म्हणाले छान. तळ्याकाठच्या हॉटेलात, पहिल्या रांगेत बसवलं होतं मला — आई म्हणून. चौदा कपडे, चौदाही पांढरट. काठ नाही, बटण नाही, ओढणी नाही. पहिली मुलगी चालत आली, अंगावर बघून वाटावं, ही अस्तर घालून आली, वरचं घालायचं विसरली. दुसरी आली — तीही विसरलेली! शेजारचे गृहस्थ म्हणतात, "वाह, क्या सादगी है!" मी म्हटलं, आमच्या पिपलानीच्या वस्तीत याला अर्धवट म्हणतात. मनात म्हटलं हो, मोठ्यानं कशी म्हणेन?

खांद्याचा कट मात्र — एक सुरकुती नाही. तीस वर्षं शिवतेय, मला नाही जमला तसा. ते तिला सांगायचं राहिलं. ती बोलेल तर सांगणार ना.

छे, भांडण कुठलं? त्याचं काय झालं, शोच्या दिवशी सकाळी कपडे इस्त्रीला इथंच होते, ती हॉटेलवर गेलेली. बघते तर सगळ्यांच्या कडा उघड्या, धागे लोंबताहेत. म्हटलं, पोरीला वेळ मिळाला नसेल. बसले. दोन वाजेपर्यंत सात कपड्यांना तुरपाई केली — टाका शोधून सापडणार नाही अशी. वाटलं, खूश होईल. तर त्या कडा म्हणे मुद्दाम तशा ठेवलेल्या — तेच तर डिझाइन! आता मला स्वप्न पडणार होतं का? उसवायला वेळ नव्हता. सात उघडे, सात दुमडलेले, तसेच गेले रॅम्पवर. ओरडली नाही हो ती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "आई, माझं काहीच तुला कधी पूर्ण झालेलं वाटत नाही का गं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दिल्लीला. आज अकरा दिवस झाले.

फोन? मी कशाला करू? — केला. चारदा. उचलत नाही.

मी काय म्हटलं तेव्हा? — काय म्हणणार — म्हटलं, उरलेले सात पण आण, चटकन करून देते.

...

वळा जरा, पाठीचं माप — नको, राहू द्या. झालं. बुधवारी या. या तुम्ही आता.