सहानंतर आठ

हाडांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या निवृत्त ग्रंथपालांनी पुस्तकाचं पान मघापासून उलटलंच नव्हतं. शेजारी मायलेकी बोलत होत्या.

“डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगशील, आई?”

“रोज चालते म्हणेन.”

“चालतेस गं, पण बाबा गेल्यापासून व्यायाम सोडलास. तुमचा एरोबिक्सचा व्हिडिओ मोबाइलवर शोधून दिला ना मी?”

“तो आपला नाही.”

“अगं, तीच बाई, डोक्याला तोच जांभळा पट्टा.”

“शेवटच्या फेरीत ती सात म्हणते.”

“मग काय म्हणेल?”

“आपल्या व्हिडिओ कॅसेटची फीत तुटली, तेव्हा ह्यांनी चिकटवली. त्यात सात गेला. वीस वर्षं आम्ही दोघं सहावरून आठवर उडी मारली. आता सात आला की पाय अडतो माझा.”

“मग आवाज बंद ठेवू. मी मोजते.”

“तुला जमेल?”

“तुमच्यात लुडबुडत शिकलेय. शाळेत सहानंतर आठ म्हणून छड्या खाल्ल्यात.”

“बोलली नाहीस कधी.”

“बाबा पुन्हा कॅसेट उघडून बसले असते.”

नंबर पुकारला गेला. लेकीने आईला हात दिला.

“चल, ऊठ. पाच, सहा…”

“आठ,” म्हणत आई उभी राहिली.