बॅग तीच, कंपनी नवी

दवाखान्याच्या बाकावर गुडघा चोळत बसलेल्या आजींच्या शेजारी औषध कंपन्यांचे दोन प्रतिनिधी होते, एक टायवाले काका आणि एक तरुण मुलगी. आजींचे कान तिकडेच लागले होते.

“तुझं हेही कॉन्ट्रॅक्ट संपतंय ना या महिन्यात?”

“हो काका. पुढचं अजून काहीच कळलं नाही.”

“म्हणून सांगतो, कायमची नोकरी बघ. भरपगारी रजा, फंड, डोक्याला ताप नाही.”

“आणि जन्मभर एकच खोकल्याचं औषध? मी मधुमेहाचं शिकले, आता रक्तदाबाचं शिकतेय.”

“शिकतेस खरी. पण काल काय घोळ घातलास म्हणे?”

“गेले नव्या कंपनीकडून, आणि तोंडभर कौतुक जुन्या कंपनीच्या गोळीचं!”

“अरे देवा! डॉक्टर भडकले असतील.”

“पोट धरून हसले. म्हणाले, त्या गोळीनं चक्कर येते हेही तूच सांगितलं होतंस. आता नवीचं खरंखरं सांगायला उद्या ये.”

दार उघडून मदतनीस बाई डोकावल्या.

“खोकल्याच्या औषधवाले, तुम्ही थांबा जरा. ताई, तुम्ही या. डॉक्टर वाट बघतायत.”

आजींनी पाय आवरून तिला वाट दिली. काकांनी टाय सैल केला.

“ए पोरी, पुढच्या कंपनीत दोन जागा असल्या, तर मलाही कळव गं.”