मोरी तुंबली त्या दुपारी

आनंदीबाई : ती ॲसिडची बाटली राहू दे तिथेच. हात लावू नकोस गो.

योगिनी : पण आई, हे येतील आता. बंदरावरून परत यायच्या आत मोरीचा वास गेला पाहिजे म्हणालेत, नाहीतर...

आनंदीबाई : नाहीतर काय? ओठ तर फोडून झाला तुझा. आण तो खायचा सोडा. आधी ही जाळीतली खवलं काढूया. कालच्या तांबोशीची सगळी इथेच अडकल्येत.

योगिनी : मीच साफ केली होती. चूक माझीच.

आनंदीबाई : मासा त्याने आणलान, त्यानेच खाल्लान. आणि मोरी तुंबली म्हणून मार तुला? घाल सोडा. चांगला वाटीभर. आता वर हा बिंबलांचा रस ओत.

योगिनी : बापरे, कसला फेस येतोय!

आनंदीबाई : येऊ दे. ओलं फडकं दाबून ठेव वर. या आंबटाने आतला तेलकट थर सुटतो. मग ओतायचं उकळतं पाणी. पोटुशी बाई तू, ॲसिडची वाफ कशाला घेत्येस नाकात?

योगिनी : आई, बाळाचं कळल्यापासून हे जास्तच... परवा लाथ मारली. मी वळले म्हणून मांडीवर बसली, नाहीतर पोटात बसली असती.

आनंदीबाई : मला बोलली नाहीस?

योगिनी : तुम्ही त्यांच्या आई.

आनंदीबाई : ...पाणी उकळलं का बघ.

हर्षद : काय चाललंय दोघींचं? बाहेर पायरीपर्यंत घाण वास मारतोय!

आनंदीबाई : होतंय रे. पाणी ओतलं की मोकळी होईल.

हर्षद : ॲसिड आणून दिलं ना मी? मग ही सोड्याची नाटकं कोणाची? तू नको बोलू आई. ए, तुला विचारतोय. तोंड शिवलंय का?

योगिनी : केस सोडा हो... दुखतंय!

आनंदीबाई : हर्षद, सोड तिला.

हर्षद : बाटली दिसत नाही हिला. जवळून दाखवतो. हे बघ, काढलं झाकण. आधी तुझं तोंड साफ करतो, मग मोरी!

योगिनी : आई! आई, बघा ना!

आनंदीबाई : टोप माझ्या हातात आहे, हर्षद. पाणी उकळतंय. बाटली खाली ठेव.

हर्षद : तू टाकणार? माझ्यावर?

आनंदीबाई : खाली ठेव म्हणते.

हर्षद : टाक ना! टाक बघू, किती हिंमत...

(पाण्याचा सपकारा. टोप फरशीवर आदळतो.)

हर्षद : आई गं! हात! माझा हात... मेलो!

योगिनी : आई, बाटली त्यांच्या पायावर सांडली!

आनंदीबाई : तू मागे हो. तुझ्यावर उडालं? डोळे बघू.

योगिनी : नाही. गाऊनवर फक्त.

आनंदीबाई : आत जा, आधी तो बदल. हर्षद, पाय नळाखाली धर. धर म्हणते ना! सोडत्ये पाणी.

हर्षद : मला जाळलंस... आई असून...

आनंदीबाई : हो. हातपण धर पाण्यात.

राजाभाऊ : वहिनी! अहो, केवढा आरडाओरडा! आमच्या घरापर्यंत आला. सूनबाई पुन्हा घसरली की काय?

आनंदीबाई : ती कधीच घसरली नव्हती, राजाभाऊ. माझा मुलगा तिच्या तोंडावर ॲसिड टाकत होता. मी त्याच्यावर उकळतं पाणी टाकलं. आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावा. मग पोलिसांना.

राजाभाऊ : पोलीस कशाला? घरातली गोष्ट आहे. दवाखान्यात सांगू, हातून पाणी सांडलं म्हणून.

योगिनी : नाही काका. मी सगळं सांगणार. परवाची लाथसुद्धा.

राजाभाऊ : बरं... लावतो फोन. निदान दार तरी ओढून घेऊ? वाडीतली माणसं जमायला लागलीत.

आनंदीबाई : नको. जमू देत.